मी साडेचार म्हणालो

मन्या, लोक म्हणतात तू एकादशीला गेलास. भेटायला येणारा प्रत्येक जण तुझ्या आईला, माईंना, तेच सांगतो. पुण्यवान जीव, तिथी साधली, वैकुंठाचं दार उघडंच होतं म्हणायचं. माई मान हलवतात आणि पदर डोळ्याला लावतात. तू हे ऐकलं असतंस तर काय बोलला असतास ते मला माहीत आहे. जन्मात एक उपास धरला नाही आणि शेवटी एकादशी फुकटात मिळाली, असं काहीतरी. आणि त्या सुतकातल्या खोलीतसुद्धा बायका तोंडाला पदर लावून हसल्या असत्या.

पण ती एकादशी तुला मी दिली. ती खरी की खोटी, मला माहीत नाही. त्या दिवशी वद्य दशमी दुपारी चार वाजून सव्वीस मिनिटांनी संपत होती, पुढे एकादशी. माईंनी विचारलं, केव्हा गेला, आणि मी म्हणालो, साडेचार. त्या एका शब्दावर तुझी तिथी ठरली. आता महिन्याचं पान त्या तिथीला वाढलं जाईल, मग वर्षाचं, मग माई असेपर्यंत दर वर्षी. महिना भरत आला. त्याच्या आत मला माईंना सांगायचंय की तो आकडा मी मनानेच सांगितला. रोज ठरवतो, रोज फणसवाडीच्या तोंडापर्यंत जातो आणि तिथून मागे फिरतो. म्हणून आधी तुला लिहून बघतोय. तुझ्यापुढे मला सहसा लाज वाटली नाही, उलट तुझ्यापुढे मी जरा जास्तच ताठ असायचो. आता लिहिताना मान वर होत नाही.

आपली ओळख कॉलेजातली. तू फणसवाडीतला, तीन पिढ्या मुंबईत मुरलेल्या घरातला. तुझे आजोबा गोऱ्या साहेबाच्या हापिसात हेडक्लार्क. मी लोअर परळच्या चाळीतला, बाप गिरणीत कापड विणायच्या साच्यावर. आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकपर्यंतसुद्धा कोणी पोचलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, गणित घेऊन, आणि ते मी कोणाला विसरू दिलं नाही. का द्यावं? कमावलेली गोष्ट आहे. तू इंटरला दोनदा बसलास, दोनदा आपटलास आणि दुसऱ्या वेळी घरी पेढे घेऊन गेलास, आता परत बसायला नको या आनंदात. माईंनी तुझ्याशी अबोला धरला होता. पेढे मात्र संपले होते, हे तूच सांगायचास.

ठाकूरद्वारला अण्णांच्या छापखान्यात मला तूच नेलंस. अण्णा तुझे लांबचे मामा. वर्षभर लग्नपत्रिका आणि हँडबिलं, पण छापखान्याची अब्रू म्हणजे पंचांग. त्याचं गणित करणाऱ्या शास्त्रीबुवांची नजर गेली तेव्हा तू अण्णांना म्हणालास, माझा एक दोस्त आहे, त्याला आकड्यांचं व्यसन आहे. अण्णांनी मला चष्म्यावरून पाहिलं आणि तुलाच विचारलं, गिरणगावातला मुलगा पंचांग करणार? तू म्हणालास, सूर्य काय फक्त गिरगावात उगवतो, अण्णा? मला त्या वेळी राग आला होता. माझी बाजू मला मांडता येत होती. तू मांडलीस ती माझ्याहून चांगली होती, हा राग.

लोकांना वाटतं पंचांग हे धर्माचं काम. असेल. माझ्या दृष्टीने ते दशांशाचं काम होतं. चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला यावरून तिथी कधी संपते ते काढायचं. अण्णांनी फोर्टातून गुणाकार-भागाकाराचं जुनं हँडलचं यंत्र आणलं होतं. तू त्याला उसाचा चरक म्हणायचास, आणि जाता येता विचारायचास, रस निघाला का रे? जो आकडा निघायचा तो मी कच्च्या तक्त्यात मिनिटाच्या दोन दशांशांपर्यंत लिहायचो. मग तक्ता तुझ्या टेबलावर. कच्च्याचा पक्का करायचा, कुठल्या रकान्यात वार, कुठल्यात तिथी, कुठल्यात तास-मिनिटं, कुठली रेघ जाड, कुठली बारीक, हे सगळं तुझं. तुझा पक्का तक्ता म्हणजे रांगोळी असायची. छपाईचे खिळे जुळवणारे कामगार म्हणायचे की मन्याच्या प्रतीवरून आंधळ्याने जुळवलं तरी पान उठून दिसेल. पण तुझ्या त्या देखण्या रकान्यात तासाचे दोन आकडे आणि मिनिटांचे दोन आकडे मावायचे. दशांश मावत नसत. ते तू सोडून द्यायचास. अर्ध्याच्या वर असला तर मिनिट वाढवायचं, खाली असला तर टाकायचं. शेंडी कापली म्हणून माणूस मरत नाही, असं तुझं म्हणणं.

मी म्हणायचो, छापताना काप, माझी हरकत नाही. वाचणाऱ्याला मिनिट पुरे. पण कापलेल्या आकड्यावरून पुढचं गणित करू नको. पुढे काही काढायचं असेल तर परत कच्च्या तक्त्याकडे ये. छापलेला आकडा दाखवायचा असतो, त्याच्यावर उभं राहायचं नसतं.

आणि तुझं ठरलेलं उत्तर. चौपाटीवर उभे राहिलो तर सूर्य नक्की कधी बुडाला यावर आपल्या दोघांचं एकमत होत नाही. मध्ये ढग असतो, धूर असतो, भेळवाला असतो. "जे तू डोळ्यांनी बघितलं नाहीस ते तू दोन दशांशांपर्यंत लिहितोस, बी.एस्सी. ते खोटंच की. फक्त फार सुबक खोटं."

मी म्हटलं होतं, दशांश खरा आहे म्हणून मी तो ठेवत नाही. आकाशाची चूक असेल ती असू दे. आपली त्यात भर पडू नये म्हणून ठेवतो. तू म्हणालास, हे चांगलं बोललास, कोणाचं ऐकलंस?

हा वाद आपण कुठेही करायचो. त्या दिवसांत सभांना काय तोटा होता. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून घसा बसेपर्यंत ओरडून आपण मैदानावरून चालत निघालो होतो. तू म्हणालास, आज लाख माणूस होतं. मी विचारलं, कशावरून? आणि चालता चालता मैदानाची लांबी-रुंदी, एका माणसाला उभं राहायला लागणारी जागा, असं मांडायला लागलो. तू रस्त्याच्या मधोमध थांबलास. लाख हा आकडा नाही रे, म्हणालास, लाख म्हणजे आपण. मी म्हटलं, आपणही मोजता येतो. पुढच्या चौकापर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. त्या चौकात भजी घेतलीस, मोठा अर्धा भाग माझ्या हातात ठेवलास आणि विचारलंस, किती आली, मोज.

तू आमच्या चाळीत आलास तो रविवार मला नीट आठवतो. आम्हाला एकच खुर्ची, बाबांनी ती तुला दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसले. आईने बोंबील तळले होते. तू एवढ्या मोठ्या घरातला, मला धाकधूक होती की तू नाक मुरडशील, आणि खरं सांगायचं तर माझ्याच घराची मला तुझ्यापुढे लाज वाटत होती. तू तिसऱ्यांदा बोंबील मागितलेस. बाबा तुझ्याशी काही बोलेनात. त्यांना कळेना की मी नक्की काय काम करतो, कारण मी घरी ते कधी समजावून सांगितलं नव्हतं. तुम्हाला नाही कळायचं, एवढंच म्हणायचो. तू हात धुता धुता म्हणालास, "काका, तुमचा मुलगा सूर्याला वेळ सांगतो." बाबा हसले. दुसऱ्या दिवशी गिरणीतल्या अख्ख्या खात्याला त्यांनी ते सांगितलं असणार.

त्या प्रुफाचंही लिहितो, नाहीतर मीच शहाणा होतो असं होईल. कोकणातल्या एका गावासाठी वेगळं पान काढायचं होतं. तिथी संपण्याची वेळ सगळीकडे एकच, सूर्योदय मात्र गावागावाचा वेगळा. तू सरळ आपल्या पक्क्या तक्त्यावरून मुंबईचा सूर्योदय घेतलास, त्याचा दशांश आधीच गेलेला. त्यात त्या गावाचा फरक मिळवलास, तोही पुऱ्या मिनिटात. दोन्हीकडे थोडं थोडं वाढलं आणि एका दिवशी सूर्योदय तिथीच्या पलीकडे जाऊन पडला. खऱ्या आकड्यात सूर्य उगवताना एकादशी शिल्लक होती. थोडीच, पण होती. तुझ्या पानात ती सूर्य उगवायच्या आधीच संपलेली. म्हणजे त्या गावाने भलत्या दिवशी उपास केला असता.

मला ते प्रुफात सापडलं. मी तुझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात सांगू शकलो असतो. मी प्रुफ घेऊन खिळे जुळवणाऱ्यांच्या खोलीत गेलो, अण्णा तिथेच होते, आणि सगळ्यांसमोर म्हणालो की मनोहरपंतांनी गावचा उपास हलवलाय. हसले सगळे. तूही हसलास. तिथे थांबायचं होतं. मी थांबलो नाही. म्हटलं, इंटर नापासाला गणिताच्या पानाला हात लावू देतात तेव्हा असंच व्हायचं. मग कोणी हसलं नाही. तू माझ्या हातातून प्रुफ घेतलंस आणि म्हणालास, बरं, दुरुस्त करतो.

दोन दिवस तू मला बी.एस्सी. म्हणाला नाहीस, सखाराम म्हणालास. ते मला फार लागलं.

तिसऱ्या दिवशी पक्क्या तक्त्याचं नवीन पान माझ्यापुढे टाकलंस. आकडे तसेच, आटोपशीर. पण कुठे कुठे मिनिटांच्या शेजारी एक बारीक टिंब. मी विचारलं, हे काय? तू सांगितलंस की जिथे तिथी आणि सूर्योदय एकमेकांच्या अंगाला घासून जातात, किंवा कापलेला भाग एवढा मोठा आहे की दिवस बदलेल, तिथे हे टिंब. वाचणाऱ्याला त्याचा त्रास नाही, त्याला ते शाईचं वाटेल. पण आपल्यापैकी कोणी या आकड्यावरून पुढे काही काढायला बसला तर त्याने इथे थांबायचं आणि कच्चा तक्ता उघडायचा. आकडा छोटाच राहू दे, म्हणालास, पण आपल्यामागे काहीतरी राहिलंय एवढं त्याने सांगावं.

मन्या, मी तीन वर्षं तुझ्याशी भांडून रकाना रुंद करायला सांगत होतो. तू रकाना तसाच ठेवून माझं सगळं म्हणणं त्या टिंबात बसवलंस. मला हे सुचलं नसतं. मी तेव्हा काय म्हणालो? म्हणालो, चालेल. त्या प्रुफाबद्दल तुझी माफी मागायची होती, ती चालेलमध्येच आली असं मी धरलं. तूही धरलं असशील. नसशीलही. विचारायला हवं होतं.

तुझ्या छातीचं दुखणं जुनं होतं. लहानपणी सांध्यांचा ताप आलेला, त्याने हृदयाची झडप खराब केली, हे मला माहीत होतं, पण तू जिना चढताना थांबायचास ते गप्पा मारायला थांबतोस असंच वाटायचं. कारण थांबलास की बोलायचास. परळच्या इस्पितळात तुला ठेवलं तेव्हाही तू वॉर्डातल्या फळ्यावरचा ताप-नाडीचा तक्ता बघून मला म्हणालास, रकाने बघ कसे घातलेत, माणूस बरा व्हायचा तो बिचकेल.

त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून दुपारी आलो. माई सकाळपासून बसलेल्या, पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मीच म्हटलं, तुम्ही घरी जा, आंघोळ करा, चार घास खा, मी आहे. त्यांना जायचं नव्हतं. चप्पल घातली, परत आल्या, तुझ्या कपाळावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "जवळनं उठू नकोस हां." मी म्हटलं, छे.

तू झोपलेला होतास. श्वास लागत होता, पण तसा तो दोन दिवस लागतच होता. चारच्या सुमाराला रस्त्यावरून आवाज यायला लागला. मोर्चा त्या बाजूने जाणार हे मला माहीत होतं, बाबा सकाळीच सांगून गेले होते की आमची गिरणी त्यात आहे. घोषणा जवळ आल्या. मी उठून व्हरांड्यापर्यंत गेलो. तिथून झाडांमुळे नीट दिसेना. म्हणून जिन्यापर्यंत गेलो. मग फाटकापर्यंत. हे असं पायरीपायरीने झालं, आणि प्रत्येक पायरी छोटी होती.

फाटकाशी उभा होतो तेवढ्यात बाबांनी मला पाहिलं. ते रांगेतून बाहेर आले, त्यांच्याबरोबर चार-पाच जण. माझ्या बापाने जन्मात कधी मला चारचौघांत जवळ घेतलं नव्हतं. त्या दिवशी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्यो माझो झील. बी.एस्सी. सूर्याक वेळ सांगता ह्यो." ती माणसं माझ्याकडे आदराने बघायला लागली. एकाने विचारलं, ग्रहण कधी हा? दुसऱ्याने मुलीच्या लग्नाचा मुहूर्त विचारला. मी उत्तरं देत उभा राहिलो. छाती काढून उभा राहिलो. तुझे शब्द माझ्या बापाच्या तोंडून माझं कौतुक करत होते आणि तू वर होतास.

किती वेळ गेला, मी घड्याळ पाहिलं नाही. मिनिटाचे दशांश सांभाळणारा मी, त्या सगळ्या वेळात एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

वर आलो तर सिस्टर तुझ्या खाटेभोवती पडदा ओढत होती. तिने मला विचारलं, कुठे होता तुम्ही? तिला तू गेलेला दिसलास तो पलीकडच्या पेशंटला औषध द्यायला आली तेव्हा. आधी किती वेळ झाला, तीही सांगू शकली नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार होऊन गेले होते. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि त्यांची वेळ कागदावर लिहिली. ती कोणी धरत नाही. जवळ असलेल्या माणसाची वेळ धरतात.

मग माई आल्या, हातात मऊ भाताचा डबा. पडद्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. रडल्या नाहीत लगेच. मला विचारलं, केव्हा?

मला म्हणता आलं असतं, माहीत नाही. दोनच शब्द. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता. म्हणून मी म्हणालो, साडेचार. तो आकडा इतका गोल होता की मला ओळखणाऱ्या कोणालाही संशय यायला हवा होता. माझ्या तोंडून कधी साडेचार निघत नाही, तूच चिडवायचास. माईंनी तो तसाच घेतला. "होतास ना जवळ?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

रात्री गुरुजींनी पंचांग उघडलं. आपलंच. चार सव्वीसच्या पुढे तुझं टिंब होतं. शेवटी कशाचं होतं ते? पुढे श्राद्धाचा दिवस काढताना कोणी चुकू नये म्हणून तू घातलेलं. गुरुजींना ते शाईचं वाटलं असणार. साडेचार म्हणजे एकादशी लागलेली, ते म्हणाले. बायकांनी हात जोडले. मी भिंतीला टेकून उभा होतो.

महिनाभर मी हेच घोकतोय. साडेचार हा कापलेला आकडा, त्याचा कच्चा तक्ता नाहीच कुठे, आणि त्याच्यावर एका आईचं दर वर्षीचं गणित उभं राहणार. सांगितलं तर तिची एकादशी जाईल. आधाराला तेवढंच आहे तिच्याजवळ. नाही सांगितलं तर ज्या एका गोष्टीवरून मी तुझा चारचौघांत अपमान केला तीच मी तुझ्या तिथीशी केली.

इथवर लिहून कागद बाजूला ठेवला होता. काल गेलो फणसवाडीला.

माई तुझे शर्ट घड्या करत बसल्या होत्या, कोणाला तरी द्यायचे म्हणून. मला बघून बरं वाटलं त्यांना. म्हणाल्या, ये, तुला कुठला होतो का बघ. मी बसलो आणि गणित सांगायला लागलो. दशमी किती वाजता संपली, एकादशी कधी लागली, मधे किती कमी अंतर, साडेचार म्हटलं ते तसं धरून चालता येणार नाही. मला ऐकू येत होतं की मी व्याख्यान देतोय, पण थांबता येईना. माई घडी करायच्या थांबल्या.

म्हणजे तिथी चुकली का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चुकली असेल किंवा नसेलही, मला माहीत नाही.

"असं कसं माहीत नाही? तू होतास ना?"

मी सांगितलं, मी खाली गेलो होतो. मोर्चा बघायला.

"मग त्याच्याजवळ कोण होतं?"

"कोणी नव्हतं, माई."

मी ओरडा खायची तयारी करून गेलो होतो. त्यांनी आवाज चढवला नाही. हातातला शर्ट मांडीवर ठेवून कॉलर सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोक एकादशी एकादशी करतात, मी आपली मान हलवते. मला काय करायचीय एकादशी? मी रोज उठून एवढंच म्हणायची, सखाराम होता जवळ."

मन्या, महिनाभर मी चुकीच्या रकान्यात बघत होतो. चार मिनिटं इकडे की तिकडे, त्याचा काथ्याकूट करत होतो, कारण तेवढंच मला येतं. माईंनी ते चार मिनिटांचं ओझं माझ्या हातातून काढून बाजूला ठेवलं आणि त्याच्याखाली काय होतं ते दाखवलं. तू एकटा होतास. जागा झाला असशील का, खुर्चीकडे बघितलं असशील का, हे मी आजपर्यंत स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. तिथीचं विचारत राहिलो.

शर्ट ढिगावर ठेवून माई आत गेल्या. मी पुष्कळ वेळ बसलो. त्या बाहेर आल्या नाहीत. शेवटी दार ओढून घेऊन निघालो.

आज छापखान्यात अण्णांनी सांगितलं की माईंचा गुरुजींना निरोप गेला. तिथी नक्की माहीत नाही, महिन्याचं अमावास्येला करायचं. तसा रिवाज आहे. का माहीत नाही ते त्यांनी कोणाला सांगितलेलं दिसत नाही. अण्णांनाही नाही, कारण अण्णा माझ्याशी नेहमीसारखे बोलले. माझी बाजू माईंनी राखली, आणि मला बोलावणं पाठवलं नाही. दोन्ही बरोबर आहे.

आठवड्याने अमावास्या. मी जाणार आहे. सांगण्यासारखं माझ्याकडे आता काही नाही, आणि समजावून तर काहीच सांगायचं नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन बसेन. त्यांनी ऊठ म्हटलं तर उठेन.